जीपमधली दुसरी बॅटरी : एका जुन्या कल्पनेचा प्रवास (थ्रेड)

शाहूपुरीच्या गल्ल्यांतून हिंडताना एखादी थार किंवा जुनी महिंद्रा जीप बॉनेट उघडून उभी दिसली, तर आत जरा डोकावून पाहावे. पूर्वी तेथे एकच बॅटरी असे. आता काही गाड्यांत तिच्या शेजारी, किंवा मागच्या आसनाखाली, दुसरीही दिसते. दोहोंच्या मध्ये तळहाताएवढी काळी डबी असते आणि त्या डबीतून अंगठ्याएवढ्या जाडीच्या तांबड्या तारा निघालेल्या असतात. गाडीचा मालक अभिमानाने सांगतो, ‘ड्युअल बॅटरी सिस्टिम आहे, ऑस्ट्रेलियात सगळे हेच बसवतात.’

ऑस्ट्रेलियाचे म्हणणे खरे आहे. वस्तीपासून शेकडो किलोमीटर दूर मुक्काम करणाऱ्या तिथल्या प्रवाशांनी ही रचना घरोघरी नेली. परंतु कल्पना त्यांची नव्हे. ती मोटारीच्याही आधीची आहे. रेल्वेचा डबा, रणांगणावरील बिनतारी संदेशयंत्र आणि निवडणुकीचा भोंगा अशा वळणांनी ती आपल्या जीपपर्यंत आली. आजचा थ्रेड त्या प्रवासाविषयी.

प्रथम थोडे शाहूपुरीविषयी, कारण या कथेला तेथील जमीन अनुकूल आहे. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, रेल्वे स्थानकाच्या आसऱ्याने शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गूळ हा तिचा प्राण. गुळाबरोबर बैलगाड्या आल्या, पुढे ट्रक आले. ट्रक आले की ते दुरुस्त करणारे येतातच. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले. शाहूपुरीत मात्र यंत्रे, मोटारी, बेअरिंगे आणि सुटे भाग यांची दुकाने मुरली. बाजूच्या उद्यमनगरात लेथ आणि फाउंड्र्या उभ्या राहिल्या. ‘मिळत नाही? मग करून घेऊ’ हा कोल्हापुरी स्वभाव याच पट्ट्यात घडला.

आता मूळ प्रश्न. बॅटऱ्या दोन कशाला? एक मोठी घेतली तर भागत नाही का?

येथे थोडे अंकगणित करावे लागेल. इंजिन चालू करताना ‘सेल्फ’, म्हणजे स्टार्टर मोटर, साधारण २०० अँपिअर प्रवाह ओढते असे धरू. आकडा भीतीदायक वाटतो, पण हे काम तीन सेकंदांत उरकते. तेवढ्यात बॅटरीतून जेमतेम पाव अँपिअर-तासाहूनही कमी साठा खर्च होतो. उलट लहानसा फ्रीज घ्या. तो सरासरी चारच अँपिअर ओढतो, पण रात्रभर, बारा तास. चार गुणिले बारा म्हणजे ४८ अँपिअर-तास! गाडीची बॅटरी ६० अँपिअर-तासांची असेल, तर पहाटे तिच्यात फारसे काही उरत नाही.

म्हणजे एक काम पैलवानी झटक्याचे आणि दुसरे वारकरी चालीचे. या दोन कामांसाठी बॅटरीच्या आतील शिशाच्या पट्ट्याही वेगळ्या लागतात. झटक्यासाठी पातळ आणि पुष्कळ पट्ट्या हव्यात, म्हणजे पृष्ठभाग वाढतो. सावकाश खोलवर उपसण्यासाठी जाड पट्ट्या हव्यात, म्हणजे त्या झिजत नाहीत. पैलवानाला रोज पंढरपूरपर्यंत चालवले, तर तो कुस्तीच्या दिवशी उभा राहणार नाही. स्टार्टरची बॅटरी वरचेवर पूर्ण उतरवली की ती काही महिन्यांतच बसते, त्याचे कारण हेच.

शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केली. १८८१ मध्ये कामीय फोर याने पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढली आणि ती कारखान्यात बनवण्याजोगी झाली. तोवर मोटारगाडी जन्मली नव्हती. साठवलेल्या विजेचे मोठे गिऱ्हाईक लवकरच रेल्वे होणार होती.

रेल्वेच्या डब्यात दिवा लावण्याचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा चिकट होता. डब्याच्या आसाला पट्टा जोडून डायनामो फिरवावा, तर गाडी धावेल तोवर प्रकाश. स्थानकात थांबली की काळोख. बॅटरी जोडावी, तर दुसरे संकट. चार्ज होत असलेल्या बॅटरीचे व्होल्टेज चढते आणि त्याबरोबर दिवे भगभगून लवकर जळतात. १८९० च्या दशकात इंग्लंडमधील जे. स्टोन आणि कंपनीची रचना पुढे आली. तिच्यात बॅटऱ्यांचे दोन संच होते. एक संच डायनामोकडून चार्ज व्हायचा आणि त्याच वेळी दुसरा दिव्यांना शांत, स्थिर वीज द्यायचा. पुढे भूमिका पालटायच्या. गाडीचा वेग वाढला तरी डायनामो बेफाम होऊ नये, म्हणून त्याची टांगणी अशी ठेवली होती की ठराविक ताणानंतर पट्टा आपोआप घसरावा. आपल्याकडच्या विद्युत अभियांत्रिकीच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘डबल बॅटरी पॅरलल ब्लॉक’ या लांबलचक नावाने या जातीच्या रचना भेटतात. त्या काळच्या परीक्षार्थींनी त्या घोकल्याही असतील. जीपमधल्या काळ्या डबीची पणजी हीच, असे माझे मत आहे.

मोटारीकडे वळू. सुरुवातीच्या मोटारीला बॅटरीची फारशी गरजच नव्हती. ठिणगी मॅग्नेटो द्यायचा, दिवे कार्बाइडच्या वायूवर जळायचे आणि इंजिन माणूस हँडल मारून फिरवायचा. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर आला आणि बॅटरी मोटारीत कायमची मुक्कामाला राहिली. गंमत अशी की त्या पहिल्याच रचनेत बॅटरीचे घरगट एकत्र-विलग करण्याचा खेळ होता. सुरू करताना ते एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळवायचे, आणि एरवी समांतर जोडून ६ व्होल्टवर दिवे आणि चार्जिंग चालवायचे.

आता बॅटरी आली म्हणजे तिला भरणारा डायनामो आला, आणि डायनामोबरोबर एक घातक दोष आला. इंजिन मंद असताना डायनामोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी पडते. पाणी उताराकडे धावते तसा प्रवाह मग उलट, बॅटरीकडून डायनामोकडे वाहू लागतो. बॅटरी उतरते, डायनामोची गुंडाळी तापून जळते. यावर ‘कट-आउट’ नावाचा उपाय निघाला. एका लोखंडी गाभ्यावर तारेची गुंडाळी आणि तिच्यासमोर स्प्रिंगने ओढून धरलेली पट्टी. डायनामोचे व्होल्टेज पुरेसे चढले की चुंबक पट्टी ओढतो, संपर्क जुळतो आणि चार्जिंग सुरू होते. प्रवाह उलटा फिरू लागला की पट्टी सुटते आणि मार्ग तुटतो. जुन्या मिस्त्रींना गाडी रेस केल्यावर बॉनेटखालून येणारा तो बारीक ‘टक’ आवाज पाठ असे.

या कट-आउटवर जरा रेंगाळू या, कारण माझ्या मते सगळ्या कथेचे मर्म येथे आहे. लुकास कंपनीच्या १२ व्होल्टच्या कंट्रोल बॉक्समध्ये हा संपर्क १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान जुळावा, अशी जोडणी ठेवत. आता आजच्या ड्युअल बॅटरीतील ती काळी डबी घ्या. तिचे नाव व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले. ती कितीला जुळते? बहुतेक उत्पादनांत १३.३ व्होल्टच्या आसपास, आणि सुमारे १२.८ ला सुटते. आकडे इतके जवळ यावेत हा योगायोग नव्हे. शिशाची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. त्याहून बरेच वर व्होल्टेज दिसले, याचा अर्थ कोणीतरी तिला भरत आहे, म्हणजेच इंजिन चालू आहे. शंभर वर्षांत डबीच्या आत सूक्ष्मपरिपथ आला, पण ती विचारते तोच जुना प्रश्न : ‘इंजिन चालू आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, ‘नाही’ असेल तर अलग करायच्या. मग फ्रीजने दुसरी बॅटरी रिकामी केली, तरी पहिलीला हात लागत नाही आणि पहाटे गाडी सुरू होते. सारी व्यवस्था या एका अटीवर उभी आहे.

दुसऱ्या महायुद्धात जीप अवतरली. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. तिची विद्युतव्यवस्था होती ६ व्होल्टची. सैन्याला मात्र तिच्यावर वायरलेस संच चढवायचा होता, आणि पुष्कळ संचांना १२ व्होल्ट किंवा त्याहून जास्त लागत. शिवाय वायरलेस हा रात्रंदिवस ऐकत बसणारा प्राणी. शत्रूच्या जवळ इंजिन चालू ठेवता येत नाही, म्हणून वीज साठ्यातूनच द्यावी लागते. त्यामुळे वायरलेसच्या जीपांना वेगळ्या बॅटऱ्या आणि काहींना वेगळे जनित्रही मिळाले. ब्रिटिश आणि भारतीय सैन्याचा प्रसिद्ध ‘नंबर १९’ संच १२ व्होल्टवर चालायचा आणि त्याच्या बॅटऱ्या भरायला लहानसे पेट्रोल इंजिन सोबत फिरायचे. अमेरिकी जीपच्या बॉनेटवर क्रमांकाच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर दिसले, तर समजावे की तिच्या ठिणग्यांचा खरखराट वायरलेसमध्ये येऊ नये अशी तजवीज केलेली आहे. जुन्या छायाचित्रांत ते अक्षर शोधून पाहा, मजा येते.

युद्धानंतर सैन्याने धडा घेतला. १९५० च्या एम-३८ या जीपपासून अमेरिकी सैन्याने १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टची व्यवस्था स्वीकारली. ब्रिटिशांच्या वायरलेससाठी सज्ज लँड रोव्हरमध्ये तर गाडीच्या बॅटऱ्या वेगळ्या आणि संचाच्या वेगळ्या असत.

येथे तरुण मंडळींची हमखास गल्लत होते, म्हणून थांबतो. एकापुढे एक जोडलेल्या दोन बॅटऱ्या म्हणजे ‘ड्युअल बॅटरी’ नव्हे. त्या दोघी मिळून २४ व्होल्टची एकच बॅटरी असते. एक मेली की दोन्ही निकामी. आपण ज्याविषयी बोलतो आहोत, त्या रचनेत दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच राहतात, समांतर असतात आणि मधला दरवाजा उघडबंद होतो. हा फरक न कळल्याची शिक्षा ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या भोगत आले आहेत. मोठ्या ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची आणि टेप १२ व्होल्टचा. मग ड्रायव्हर दोनपैकी एकाच बॅटरीवरून टेपची तार घेतो. गाणी वाजतात खरी, पण ती एक बॅटरी रोज थोडी जास्त उतरते, तिच्या वाट्याचे चार्जिंग पुरत नाही आणि जोडीदारीण धडधाकट असताना ती बसते. पुढे नवी आणि जुनी अशी विजोड जोडी लावली की नवीही लवकर जाते.

भारतात जीप आणली ती महिंद्रांनी. १९४५ मध्ये लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. सुटे भाग आणून मुंबईत माझगावला विलीज जीपा जोडल्या जाऊ लागल्या. पाटबंधारे, वन, महसूल, पोलीस अशा प्रत्येक खात्याच्या दारात हळूहळू जीप उभी राहिली. राधानगरीचे धरण असो की दाजीपूरचे जंगल, जेथे रस्ता संपे तेथून जीपचे राज्य सुरू होई.

आणि मग निवडणुका आल्या. जीपच्या टपावर कर्णा बांधायचा, आत १२ व्होल्टवर चालणारा अँप्लिफायर ठेवायचा आणि गावोगाव घोषणा देत फिरायचे. सभेच्या ठिकाणी गाडी बंद करून तासभर भाषण चालले की परतताना धक्का मारावा लागे. शहाणे कार्यकर्ते म्हणून भोंग्यासाठी वेगळी बॅटरी पायाशी ठेवत आणि मुक्कामी पोहोचल्यावर चार्जिंगला लावत. सोपा, ओबडधोबड, परंतु तत्त्वतः अचूक उपाय! सेल्फची बॅटरी आणि भोंग्याची बॅटरी यांचा संबंधच नाही. कोणत्याही रिलेपेक्षा ही फारकत जास्त खात्रीची होती. इतिहासाच्या पुस्तकांत भाषणे येतात, भाषणे ऐकू आणणारी ही पायाशी ठेवलेली बॅटरी येत नाही.

त्या काळी बॅटरी चार्जिंग हा स्वतंत्र धंदा होता. वीज न पोहोचलेल्या गावांत रेडिओ बॅटरीवर चाले, आणि ती उतरली की सायकलच्या कॅरिअरवर बांधून पेठेत आणावी लागे. दुकानात फळीवर ओळीने बॅटऱ्या मांडलेल्या, झाकणे उघडी, आम्लाचा उग्र वास, हातात हायड्रोमीटरची काचेची नळी. आत तरंगणारा काटा पाहून मिस्त्री ‘अजून एक रात्र राहू दे’ म्हणायचा. ट्रान्झिस्टर आला आणि साध्या सेलवर रेडिओ वाजू लागला, तेव्हा या धंद्याचे अर्धे गिऱ्हाईक गेले. उरले ते मोटारीचे. १९६९ मध्ये पुण्याजवळ चिंचवडला आजच्या एक्साइड कंपनीचा कारखाना आला.

ड्युअल बॅटरीच्या आधुनिक अवताराकडे भरभर जाऊ. आधी हाताने फिरवायचा स्विच होता. विसरला की दोन्ही बॅटऱ्या एकदम उतरत. मग सिलिकॉन डायोड आला. तो विसरत नाही, पण वाटेत सुमारे ०.७ व्होल्ट खातो. अल्टरनेटरने १४.४ दिले तर दुसऱ्या बॅटरीला १३.७ मिळतात. ती कायम अर्धपोटी राहते आणि पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर चढतात. नंतर व्होल्टेज ओळखणारा रिले आला, त्याची कथा वर झाली. पण आता त्याच्याही पायाखालची वाळू सरकली आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. नव्या गाड्यांपैकी अनेकांत इंधन वाचवण्यासाठी संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. इंजिन चालू असूनही व्होल्टेज १३ च्या खाली दिसते. त्यामुळे ‘इंजिन चालू आहे का?’ या शतकभर जुन्या प्रश्नाला पहिल्यांदाच खोटे उत्तर मिळू लागले. म्हणून अशा गाडीत डीसी-डीसी चार्जर लावतात. तो मिळेल त्या व्होल्टेजवरून दुसऱ्या बॅटरीला हवे तेवढे व्होल्टेज स्वतः घडवतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असेल तर त्याला पर्याय नाही. तिच्या एका घराचे व्होल्टेज ३.२, चार घरांचे १२.८, आणि रिकामी असताना ती इतका प्रवाह ओढू शकते की साधा अल्टरनेटर तापून जाईल.

बसवताना काय पाहावे, हे विचारणारे बरेच असतात. मी एकच गोष्ट आग्रहाने सांगेन. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या तारेच्या दोन्ही टोकांना, टर्मिनलपासून अगदी जवळ, फ्यूज हवा. दोन्ही टोकांना यासाठी की येथे दोन्हीकडे ऊर्जेचा साठा आहे. खडबडीत वाटेवर तार पत्र्याला घासून उघडी पडली, तर एका बाजूचा फ्यूज उडेल आणि दुसरी बॅटरी तारेला पेटवत राहील. बॅटरी आवळून बसवणेही तितकेच महत्त्वाचे, कारण घाटात उडणारी पंधरा-वीस किलोंची वस्तू प्रवाशांच्या पाठीशी असते. पन्नास रुपये वाचवायला पातळ तार घेणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.

या सगळ्याला हौस म्हणून हसणारे असतात. ऑगस्ट २०१९ आठवा. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जयंती नाल्याचे पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरले, गणेशोत्सव तोंडावर असताना मूर्ती भिजल्या. पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता, अनेक भागांत वीज नव्हती, आणि वीज नाही म्हणजे मोबाइल हळूहळू मुके होत जातात. अशा रात्री उंच बांधणीची, चारही चाके ओढणारी गाडी कामाची. आणि इंजिन बंद ठेवून रात्रभर दिवा, पंप, वायरलेस किंवा चार मोबाइल चालवणारी, तरीही पहाटे सेल्फ मारताच सुरू होणारी गाडी त्याहून कामाची. १९४४ च्या वायरलेस जीपपुढचा पेच आणि हा पेच एकच.

शेवटी त्या शिशाविषयी. जुन्या पेठांत बॅटऱ्या ‘बिल्ड’ होत. डांबर फोडून पट्ट्या काढायच्या, शिसे वितळवून नवे सांधे ओतायचे, अनेकदा उघड्या हातांनी, बंद खोलीत. शिशाची वाफ आणि धूळ रक्तात साचते, मेंदू आणि मूत्रपिंडे पोखरते; लहान मुलांना तर त्याचा अत्यल्प अंशही बाधतो. भारतात बॅटऱ्यांच्या हाताळणीचे नियम २००१ मध्ये आले आणि त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. जुनी बॅटरी परत घेऊन पुनर्वापराची जबाबदारी आता उत्पादकावर आहे. गाडीत दोन बॅटऱ्या ठेवणाऱ्याच्या वाट्याला हे काम दुप्पट येते. ती उतरलेली दुसरी बॅटरी भंगाराच्या हातगाडीवर टाकू नका. जेथून नवी घेतली त्या दुकानात जुनी द्या, आणि किमतीत तिची वजावट मागून घ्या.